चुकलेल्या चिठ्ठ्यांची निवडणूक

मी राजकारणात पडले ती आमच्या सोसायटीच्या चेअरमनला चिडवायला. लोकांना हे सांगत नाही. त्यांना समान हक्क, समाजकार्याची आवड वगैरे सांगते, आणि ते खोटंही नाही, पण ते नंतर आलं. आधी आला तो राग. सी विंगच्या चौथ्या मजल्यावर एक भाडेकरू राहायला आली. टायपिंग आणि कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवणारी, उंच, दिवसभरात साडीची एक चुणी न विस्कटू देणारी. तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला: ‘सोसायटीत कुटुंबवत्सल भाडेकरूंनाच प्राधान्य द्यावे.’ नाव कोणाचंच नव्हतं. पण ती तृतीयपंथी आहे हे वॉचमनपासून सगळ्यांना कळलं होतं आणि नोटीस कोणासाठी आहे हेही. मी खाली पेनाने लिहिलं, ‘कुटुंबवत्सल म्हणजे चेअरमनसाहेबांच्या घरातून रोज संध्याकाळी ऐकू येतं तसं का?’ अक्षर माझं आहे हे ओळखायला त्यांना पाच मिनिटं लागली.

त्या भांडणातून तिची माझी ओळख झाली. ती घरी चहाला आली आणि म्हणाली, “ताई, कशाला अंगावर ओढवून घेतलंत?” म्हटलं, मला सवय आहे. मी हिंजवडीला टेस्टिंगमध्ये होते. कंपनीच्या बसमध्ये दीड तास जाताना, दीड तास येताना, आणि मधल्या वेळात दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. त्याचा पगार मिळायचा. घरी तेच काम ही फुकट करते, असं माझा नवरा म्हणतो.

पुढे महापालिकेच्या निवडणुका लागल्या. मी गमतीत म्हटलं, “तू उभी राहा. चेअरमनच्या दारात जाऊन मत मागू. तोंड बघण्यासारखं होईल.” ती हसली आणि गेली. चार दिवसांनी अर्ज घेऊनच आली, म्हणाली, “ताई, सूचक म्हणून इथे सही करा.” मी चाटच पडले. म्हटलं, अगं मी थट्टा करत होते. ती म्हणाली, “मी नाही करत. मला एक सांगा, उमेदवार कोणाच्याही दाराची बेल वाजवू शकतो ना?”

मग तिने सांगितलं. रस्त्याच्या पलीकडच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर तिचे वडील राहत होते. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते, आता निवृत्त. अकरा वर्षांपूर्वी ती साडी नेसून त्यांच्यासमोर उभी राहिली, त्या दिवसापासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आई होती तोवर आई चोरून फोन करायची. आई गेली आणि तोही धागा तुटला. आमच्या सोसायटीतला फ्लॅट तिने भाड्याने घेतला तो त्याच्या गॅलरीतून वडिलांची गॅलरी दिसते म्हणून. नुसतं दार वाजवायला गेली तर ती नको असलेली मुलगी होती. उमेदवार म्हणून गेली तर तिला तिथे उभं राहायचा हक्क होता. “मला नगरसेवक नाही झालं तरी चालेल,” ती म्हणाली. “त्यांनी माझ्याशी एकदा बोलावं. शिव्या दिल्या तरी चालतील.”

मी सही केली. आम्ही निवडून आलो नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको.

प्रचाराला आम्ही पाच जण. ती, मी, माझ्या टीममधल्या दोन मुली आणि रविवारपुरता माझा नवरा. तो खाली गाडीत बसून पेपर वाचायचा आणि त्याला लॉजिस्टिक्स म्हणायचा. चिन्ह मिळालं कपबशी. ऑफिस म्हणून एक बंद पडलेला सायबर कॅफे मिळाला. एकेकाळी तिथे परदेशी गेलेल्या मुलांना ई-मेल करायला आईबाप रांग लावायचे, मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि कॅफे बसला. प्लायवूडची खोपटी तशीच होती. त्यातल्या एकेका खोपट्यात बसून आम्ही पत्रकांच्या घड्या घालायचो. पत्रक मी लिहिलं होतं. पालिकेच्या दवाखान्यात तृतीयपंथीयांना कॉट कुठल्या वॉर्डात द्यायची यावर वाद न घालता आधी कॉट द्या, सार्वजनिक स्वच्छतागृहात हाकलू नका, शाळेच्या दाखल्यावरचं नाव बदलायला माणसाला म्हातारं करू नका, असं सगळं. सोबत रस्ते, पाणी, कचरा.

पहिल्याच दारी एका काकूंनी तिला पाहिलं आणि आत पळाल्या. आम्हाला वाटलं घाबरल्या. तर सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन बाहेर. “सुनेला सातवा लागलाय, आशीर्वाद द्या.” तिने सुनेला आशीर्वाद दिला, मग म्हणाली, “काकू, नारळ नको, मत द्या.” काकू गोंधळल्या. “मताचं यांना विचारून सांगते,” म्हणाल्या आणि नारळ माझ्या पिशवीत कोंबला. त्या आठवड्यात आमच्याकडे इतके नारळ जमले की लॉजिस्टिक्सला पहिल्यांदा काहीतरी काम लागलं.

दुसऱ्या एका घरी एका गृहस्थांनी चष्मा लावून अख्खं पत्रक वाचलं. आम्ही श्वास रोखून उभ्या. ते म्हणाले, “हे सगळं योग्यच आहे. पण आमच्या गेटसमोर पाणीपुरीची गाडी लागते, तिचं काय करणार ते यात नाही.” तिने वहीत टिपून घेतलं. तिसऱ्या ठिकाणी एकाने दात काढत विचारलं, “निवडून आलात तर सभागृहात टाळ्या वाजवत जाणार का?” ती शांतपणे म्हणाली, “मी काम केलं तर टाळ्या तुम्ही वाजवा. मी कशाला वाजवू?” त्याची बायको आतून हसली, आणि ते मत आम्हाला मिळालं असं मी धरून चालले.

वडिलांच्या दारी आम्ही त्याच दिवशी गेलो. जिन्यात ती दोनदा थांबली. मग बेल वाजवली. आतून सपातांचा आवाज आला, दाराच्या भिंगात अंधार झाला. बराच वेळ अंधारच राहिला. मग भिंग उजळलं आणि सपाता परत गेल्या. मला राग आवरेना. मी वाकून पत्रक दाराखालून आत सरकवलं. मिनिटभराने ते तसंच बाहेर आलं, घडीवर घडी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. तिने ते उचललं. “वाचलं तरी असेल,” ती म्हणाली. म्हटलं, एका मिनिटात? “ते पटकन वाचतात.” मला त्या दारावर लाथ घालावीशी वाटली. आम्ही पुढच्या रविवारीही गेलो, त्याच्या पुढच्याही. पत्रक आत जायचं, पत्रक बाहेर यायचं. तिसऱ्या वेळी बाहेर आलेलं पत्रक तिने उचललंच नाही आणि मला पहिल्यांदा वाटलं, हिला या भानगडीत ढकलून मी पाप केलं.

आता चिठ्ठ्यांकडे येते. मतदानाच्या आधी उमेदवार घरोघर चिठ्ठ्या वाटतात. तुमचं नाव, वय, लिंग, यादीतला अनुक्रमांक, कुठल्या शाळेत कुठल्या खोलीत मतदान, आणि खाली उमेदवाराचं चिन्ह. मोठे पक्ष यासाठी माणसं नेमतात. मी म्हटलं, हॅ, एवढंसं काम, यादी कॉम्प्युटरवर आहे, मी एका दुपारी करते. यादी होती घरांप्रमाणे, मला हवी होती आडनावांप्रमाणे. मी नावांचा रकाना निवडला, बटण दाबलं, नावं ओळीने लागली. बाकीचे रकाने निवडायला विसरले. म्हणजे नावं उठून भलत्याच ओळींत जाऊन बसली आणि वय, लिंग, अनुक्रमांक, खोली सगळं जागच्या जागी राहिलं. कंपनीत नव्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला बसस्टॉपपर्यंत ऐकवलं असतं. मी स्वतः मात्र न तपासता अख्खा प्रभाग छापून मोकळी झाले. टीममधल्या दोन्ही मुलींनी शनिवारी आडनावं बघून त्या इमारतींच्या पत्रपेट्यांमध्ये टाकल्या.

रविवारी सकाळी मी ऑफिसचं शटर वर केलं तर बाहेर रांग. मला वाटलं, चला, लाट आली.

पहिले होते एक आजोबा, टोपी, काठी. चिठ्ठी माझ्यासमोर धरून म्हणाले, “मी एकोणीस वर्षांची स्त्री आहे असं आपलं म्हणणं आहे. माझं तसं नाही.” त्यांच्या मागे एक पैलवानासारखे गृहस्थ होते, तेही स्त्री. त्यांच्या मागे एक काकू, वय बावीस, पुरुष. त्यांना वयाबद्दल काही तक्रार नव्हती. सगळे एकदम बोलत होते आणि सगळ्यांना एकच हवं होतं: लिंग दुरुस्त करून द्या, आत्ताच्या आत्ता. मी सांगत होते की अहो, ही नुसती आमची चिठ्ठी आहे, सरकारी यादीत तुमचं बरोबरच आहे. पैलवान म्हणाले, “यादीत बरोबर असून काय उपयोग? घरी मुलं हसतात. उद्या बूथवर कोणी अडवलं तर मी काय दाखवू?”

आमची उमेदवार तेवढ्यात आली. दारात उभी राहून तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ही मला सोलणार. तिने टेबलामागे बसून पेन उघडलं आणि पैलवानांना म्हणाली, “बसा दादा. मला सात वर्षं लागली. तुमचं सात मिनिटांत करून देते.”

पैलवान बसले. मग मागून कोणीतरी विचारलं, “सात वर्षं कशाला लागतात?” आणि ती सांगू लागली. एकीकडे चिठ्ठ्या दुरुस्त करत होती, दुसरीकडे सांगत होती. प्रतिज्ञापत्र, डॉक्टरांचा दाखला, राजपत्र, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथल्या कारकुनाने वर-खाली बघून विचारलेले प्रश्न. तीन आठवडे आम्ही दारोदार जाऊन जे ऐकवू शकलो नव्हतो, ते लोक रांगेत उभे राहून ऐकत होते, कारण त्यांची चिठ्ठी तिच्या हातात होती. टोपीवाले आजोबा शेवटी म्हणाले, “मला सकाळपासून दोन तास झाले तर डोकं फिरलं होतं.” मी हे सगळं मुद्दाम केलं असा माझ्यावर आजही आरोप होतो. नाही हो. मुद्दाम केलं असतं तर इतकं चांगलं जमलं नसतं.

बाराच्या सुमारास रांगेत एक इस्त्रीचा पांढरा शर्ट दिसला. मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, दाराच्या भिंगापलीकडे माणूस कसा दिसणार? पण तिचा हात थांबला तेव्हा मला कळलं. ते रांग मोडून पुढे आले नाहीत. नंबर आल्यावर टेबलाशी आले आणि तिच्याकडे न बघता चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. स्त्री, वय सव्वीस. मी चिठ्ठी तिच्याकडे सरकवली. तिने ‘स्त्री’ खोडून ‘पुरुष’ लिहिलं, वय न विचारता बरोबर लिहिलं, आणि चिठ्ठी परत माझ्याकडे. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, संपलं, चालले. तर खिशातून रबरबँड लावलेला गठ्ठा काढला.

“आमच्या इमारतीच्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आहेत,” ते मला म्हणाले. “एकही बरोबर नाही. यादी अक्षरानुक्रमे लावताना नावं हलली, बाकीचं हललं नाही. लॉट तपासला कोणी?”

“कोणी नाही,” मी म्हटलं.

“पास कोणी केला?”

“मीच.”

“आपण काय काम करता, बाई?”

म्हटलं, टेस्टिंग. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तीस वर्षांच्या नोकरीत मला कुठल्या साहेबाने इतकं खाली आणलं नव्हतं. मग खुर्ची ओढून बसले, सरकारी यादी मागितली, लाकडी पट्टी मागितली. “संपूर्ण प्रभाग पुन्हा करायचा. आधी छापायचं नाही, आधी तपासायचं.”

तीन दिवस ते रोज सकाळी दहाला आले. मी त्यांना काका म्हणू लागले. पट्टी यादीवर ठेवून एकेक ओळ वाचायचे, समोर ती बसून खूण करायची. दोघांमध्ये दोन फुटांचं टेबल, आणि सगळं बोलणं माझ्यामार्फत. “यांना सांगा, पान चोवीसवर दोन नावं राहिली.” मी तिच्याकडे वळून सांगायचे, पान चोवीसवर दोन नावं राहिली. “काकांना विचारा, चहात साखर चालते का.” मी वळून विचारायचे. “यांना सांगा, डॉक्टरांनी बंद केली आहे.” कधी बंद केली, हे तिला माहीत नव्हतं. ती उठून मागच्या खोपट्यात गेली आणि बराच वेळ आली नाही. मी काकांना म्हटलं, मी रजा टाकून इथे टेलिफोन एक्सचेंज चालवायला आलेले नाही. त्यांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली आणि म्हणाले, “पुढचं नाव.”

तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्या तयार झाल्या, एक चूक नव्हती. काकांनी विचारलं, “बूथवर आपला प्रतिनिधी कोण?” प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस मतदानाच्या खोलीत बसतो, आलेल्याच्या नावापुढे खूण करतो, गडबड दिसली तर हरकत घेतो. त्यांच्या आणि आमच्या सोसायटीचं मतदान ज्या शाळेत होतं, तिथल्या बूथला आमच्याकडे कोणी नव्हतं. “मग तिथली गडबड कोण धरणार?” म्हणाले आणि फॉर्म भरला. तिने सही केली. ते गेल्यावर मी खुशीत आले होते, पण ती म्हणाली, “ताई, ते चुकांसाठी आले. माझ्यासाठी नाही आले.” मलाही तेच वाटत होतं.

मतदानाचा दिवस. शाळेतला वर्ग, छोटी बाकं, त्यावर सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी गुडघे छातीशी घेऊन बसलेले. काका त्यात ताठ, समोर यादी आणि पट्टी. बायकांच्या रांगेत ती पुढे होती, मध्ये दोघी, मग मी, दाराच्या उंबऱ्याशी. कारकुनाने तिचं नाव मोठ्याने वाचलं. शेजारच्या बाकावरचा एक प्रतिनिधी उठला. महिनाभर त्याने तिची पोस्टरं चौकाचौकात पाहिली होती. तरी म्हणाला, “हरकत आहे. यादीतला फोटो यांचा नाही.”

आणि मेल्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. यादीत तिचं नाव बदललं होतं, लिंग बदललं होतं, फोटो मात्र अठराव्या वर्षीचाच राहिला होता. कोवळी मिशी आणि चौकडीचा शर्ट. केंद्राध्यक्ष कुठल्याशा तालुक्याहून ड्यूटीवर आणलेले मास्तर होते. ते यादीकडे बघत, मग तिच्याकडे, मग परत यादीकडे. रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. उमेदवार कोण हे मास्तर सोडून त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं, आणि तिला तिथे उभं करून सगळ्यांना तो फोटो दाखवायचा, एवढाच त्या माणसाचा डाव होता. मास्तरांनी घाम पुसत विचारलं, “इथे यांना कोणी ओळखतं का?”

काका उठले. त्या बाकातून उठायला त्यांना वेळ लागला.

“मी ओळखतो.”

“आपण यांचे कोण?”

“बाप.”

काकांनी यादी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि फोटो बघितला. “फोटो हिचाच आहे,” ते म्हणाले. “हा शर्ट मी घेऊन दिला होता. लिहून हवं आहे का?”

“नको, नको,” मास्तर म्हणाले. हरकत घेणारा खाली बसला. काकाही बसले, पट्टी लावली, तिच्या नावापुढे खूण केली. ती तशीच उभी होती, टेबलाची कड धरून. काकांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

“उभी काय राहिलीस,” ते म्हणाले. “शाई लावून घे. मागे रांग आहे.”

“हो बाबा,” ती म्हणाली आणि बोट पुढे केलं.

माझ्या पुढच्या दोघी कधी गेल्या मला कळलं नाही. कारकुनाने मला नाव विचारलं, आणि मला ते सांगता येईना.